ईदनंतरच्या लांब प्रवासाआधी गाडीला एक दिवस द्या

मार्च लागला की आपल्याकडे दुपारचं ऊन अंगावर यायला लागतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात पारा चाळीस ओलांडतो. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या गाड्या सगळ्यात जास्त पळतात. रमजानमध्ये लग्नं नसतात, त्यामुळे ईद झाली की तारखा एकामागून एक निघतात. त्यातच शाळांना सुट्टी लागते. मग अणदूरहून गाडी निघते. कधी सोलापूरला वलीम्यासाठी, कधी गुलबर्ग्याला बंदेनवाजांच्या दर्ग्यावर, तर कधी उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत थेट हैदराबादला मामूंच्या घरी.

निघण्याआधी आपण काय करतो? गाडी धुतो. काचा चमकवतो, सीटवर नवं कव्हर घालतो, आरशाला तस्बीह किंवा सुगंधाची बाटली टांगतो. गाडी नवरीसारखी दिसते. पण बोनट उघडत नाही आणि टायरकडे वाकून बघत नाही. धुलाई आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात जीव वाचतो तो देखभालीने.

आपल्या गावाकडच्या गाड्यांची एक खास अडचण आहे. बऱ्याच घरांत गाडी सेकंड हँड असते, पुणे-सोलापूरकडून घेतलेली. ती रोज फारशी चालत नाही. रोजच्या कामाला मोटारसायकल असते, चारचाकी अंगणात किंवा गल्लीच्या तोंडाशी पंधरा-पंधरा दिवस उभी राहते. मग एक दिवस तिच्यात सहा-सात माणसं, मुलं, बॅगा, बिर्याणीचं पातेलं असं सगळं बसतं आणि ती भर दुपारी महामार्गावर अडीचशे किलोमीटर धावते. उभी राहून म्हातारी झालेली गाडी, भरगच्च वजन, तापलेला रस्ता आणि वेग, हे चारही एकत्र आले की धोका वाढतो. म्हणून लग्नसराई सुरू व्हायच्या आधीच्या एखाद्या रविवारी गाडीला पूर्ण दिवस द्या. काय काय बघायचं ते महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

टायर : सगळ्यात आधी, सगळ्यात नीट

उन्हाळ्यात टायर फुटतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो का फुटतो, याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "उन्हात हवा फुगते, म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी," असं पंक्चरच्या दुकानापासून घरातल्या मोठ्यांपर्यंत सगळे सांगतात. ऐकायला पटतं, पण ते चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे.

थोडा हिशेब करू. हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेच्या विज्ञानात आपण शिकवतो. सकाळी 30 अंशांला टायरमध्ये 33 पीएसआय हवा असेल आणि महामार्गावर टायरमधली हवा 70 अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण 39 पर्यंत जातो. म्हणजे वाढ सहा पीएसआयची. धडधाकट टायर एवढा दाब सहज सोसतो, तो तसाच बनवलेला असतो.

आता उलटं बघा. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि परत उठते. एखादी तार सारखी मागेपुढे वाकवली की वाकते त्या जागी गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच. ताशी 90-100 च्या वेगाने चाक मिनिटाला शेकडो फेऱ्या घेतं. त्यात गाडीत वजन जास्त. आतल्या थरांमध्ये उष्णता साठत जाते, रबर आणि दोऱ्यांची पकड सुटते आणि टायर फाटतो. म्हणजे उन्हाळ्यात बहुतेकदा घात करते ती कमी हवा, जास्त हवा नव्हे.

किती हवा हवी ते अंदाजाने ठरवू नका. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतं, नाहीतर गाडीच्या पुस्तकात तक्ता असतो. त्यात पुष्कळदा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. लग्नाला निघताना दुसरा आकडा धरायचा. टायरच्या अंगावर लिहिलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दूरच्या पंपावर जाईपर्यंत टायर तापतो आणि आकडा फसवा येतो. प्रवासात मध्येच तपासलं आणि दाब वाढलेला दिसला तर हवा काढू नका. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होईल. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं पंपचालकाचं काम आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. नायट्रोजन भरला की काळजी मिटली असंही समजू नका. साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी दाब तपासणं हे कुठलाही वायू भरण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. आणि स्टेपनी विसरू नका. गरज पडते तेव्हा नेमकी तिच्यातच हवा नसते.

दुसरी गोष्ट नक्षी. टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ही खूण 1.6 मिलिमीटरची असते, आणि चारचाकीसाठी कायद्यानेही किमान तेवढी खोली लागते. झीज फक्त एका कडेने असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा चिरा दिसल्या, तर नक्षी कितीही शाबूत असो, तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नका.

तिसरी गोष्ट वय, आणि उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असं असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी कमी चालली म्हणून नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हात वाळतच असतं. पाच-सहा वर्षांपुढचा टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय महामार्गावर नेऊ नये. सेकंड हँड गाडी घेताना मीटरचं रीडिंग सगळे बघतात, हा शिक्काही बघत जा.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. त्यानंतर तिथे टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा राज्यभर झाली आणि परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. आपल्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर चढताना टायर तपासायला कुणी उभं नसतं. ते काम घरातच, अंगणात करायचं आहे.

टायर फुटलाच तर

हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, घरातल्या मुलामुलींनीही, पाठ करून ठेवावं. मोठा आवाज येतो, गाडी एका बाजूला ओढते. त्या क्षणी पाय आपोआप ब्रेकवर जातो. जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, गाडीला आपोआप मंदावू द्या. वेग पुरेसा कमी झाला की इंडिकेटर देऊन डाव्या कडेला घ्या. माणसांना रस्त्याच्या बाजूने नव्हे, डावीकडून उतरवा आणि रस्त्यापासून लांब उभं करा. मागे लाल त्रिकोण ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आहेत. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ते आजच टाकून ठेवा.

कूलंट : इंजिनाचं पाणी

दुसरा नंबर इंजिन तापण्याचा. रेडिएटरमधलं कूलंट इंजिनाची उष्णता बाहेर घेऊन जातं. सकाळी थंड इंजिनाला बोनट उघडून बघा. प्लास्टिकच्या टाकीवर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात, पातळी त्यांच्यामध्ये हवी. सारखी कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. रबरी पाइप हाताने दाबून बघा, कडक झाले असतील किंवा तडे असतील तर बदलून घ्या. गाडीखालच्या फरशीवर रंगीत डाग दिसतो का, तेही बघा.

बोअरचं पाणी ओतून भागवायची सवय आपल्याकडे फार आहे. आपलं बोअरचं पाणी जड आहे. घागरीत आणि गिझरमध्ये जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी हमखास तापते. शिवाय कूलंट उकळायचं तापमान वाढवतं आणि आतला गंज थांबवतं, नुसतं पाणी ते करत नाही. कंपनीने सांगितलेलंच कूलंट वापरा. घट्ट मिळालं तर सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नका.

चालता चालता तापमानाचा काटा वर जायला लागला किंवा लाल दिवा लागला, तर एसी लगेच बंद करा. जवळ सुरक्षित जागा नसेल तर हीटर पूर्ण लावा, काचा उघडा आणि बाजूला घ्या. उन्हाळ्यात हीटर लावणं वेड्यासारखं वाटेल, पण तो इंजिनातली उष्णता ओढून बाहेर काढतो. मग इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. शिट्टी न काढता कुकरचं झाकण उघडलं तर काय होतं, हे घरातल्या बायकांना सांगावं लागत नाही. तेच इथे होतं, चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

ब्रेक, बॅटरी, हवेची जाळी

ब्रेक दाबताना कर्कश आवाज येतो, पेडल मऊ लागतं किंवा खूप खाली जातं, गाडी एका बाजूला ओढते, यापैकी काहीही असेल तर आधी मिस्त्रीकडे जा, मग लग्नाला. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. ओलावा शिरलेलं तेल घाटात सारखे ब्रेक लावल्यावर उकळतं आणि पेडल पोकळ होतं. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ती कधीही न्यूट्रल करू नका.

बॅटरी थंडीत बंद पडते, पण तिचं आयुष्य कमी होतं ते उन्हाळ्यात. तीन-चार वर्षांची झाली असेल तर दुकानात तपासून घ्या. टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गाडी बंद करून, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा, पुसा आणि थोडं व्हॅसलिन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. उभ्या गाडीला नुसतं दोन मिनिटं चालू करून बंद करण्यात अर्थ नाही, त्यात बॅटरी उलट रिकामी होते. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा. टायरसाठीही ते चांगलं.

तूर-हरभऱ्याच्या राशी झाल्या की गावात धूळ किती असते ते आपण बघतोच. ती सगळी एअर फिल्टरमध्ये जाते. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड पलीकडून दिसत नसेल तर बदला. डॅशबोर्डच्या खणामागे एसीचा वेगळा फिल्टर असतो, त्यातून धूळ आली की मुलांना शिंका येतात आणि एसीही नीट गार करत नाही. बोनट उघडलंच आहे तर वायरी नीट बघा. उभ्या गाडीत उंदीर संसार मांडतात. कापसाचा, चिंध्यांचा गोळा दिसला तर कुरतडलेली वायर शोधून दुरुस्त केल्याशिवाय गाडी चालू करू नका, आग लागू शकते.

गाडी सीएनजीवर असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी व्हायला हवी. टाकीजवळच्या पट्टीवरची तारीख वाचा. तारीख उलटली असेल तर ती मागे पडलेली कागदपत्रांची बाब समजू नका. मागच्या सीटवर बसणारी मुलं त्या टाकीला पाठ लावून बसलेली असतात.

आता धुलाई, पण दोन बादल्यांत

आपण मराठवाड्यातले. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळी लावून दहा मिनिटं गाडी धुतली तर शंभर लिटर पाणी सहज जातं. वुजू करतानाही पाणी उधळू नये ही आपली शिकवण आहे, मग गाडीसाठी कशाला? दोन बादल्या पुरतात, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची.

सकाळी किंवा सावलीत धुवा. तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळून डाग पडतात. आधी धूळ भिजवून सोडवा, मग मऊ कापडाने वरून खाली पुसा. कोरड्या कापडाने धूळ पुसली की काळ्या मातीचे कण काचपेपरसारखे ओरखडे पाडतात. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, रंगाची चमक जाते. पायाखालच्या चटया बाहेर काढून झटका. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली, चप्पल किंवा खेळणं राहू देऊ नका. ते ब्रेकच्या पेडलखाली अडकलं की ब्रेकच दाबला जात नाही. वायपरचं रबर उन्हात वाळतं, त्यावर एकदा बोट फिरवून बघा. पहिला अवकाळी पाऊस सांगून येत नाही.

डॅशबोर्डवर लायटर, बॉडी स्प्रेचा डबा, पॉवर बँक ठेवू नका. उन्हात बंद गाडीत हे फुटतात किंवा पेट घेतात.

बंद गाडी आणि मुलं

हा मुद्दा देखभालीचा नाही, पण उन्हाळ्याचा आहे. उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी जास्त तापते आणि पुढेही तापत राहते. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. जून 2023 मध्ये नागपुरात तीन लहान मुलं बेपत्ता झाली. आईवडील, शेजारी, पोलीस सगळे शोधत राहिले. ती सापडली घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत, पण तोपर्यंत त्यांचा जीव गेला होता.

आपल्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्या म्हणजे मुलांसाठी लपाछपीची जागा. मागच्या दाराला चाइल्ड लॉक लागलेलं असेल तर ते आतून उघडतच नाही. म्हणून गाडी घरासमोर असली तरी रोज लॉक करा आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टांगा. हॉर्न सतत कसा वाजवायचा ते मुलांना शिकवून ठेवा. मूल दिसेनासं झालं तर विहिरीबरोबर आसपासच्या सगळ्या गाड्याही आधी बघा. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत कधी सोडू नका.

निघायच्या दिवशी

फजरनंतर लगेच निघा. उमरग्याच्या पुढे जाईपर्यंत ऊन कोवळं असतं, टायरही गार असतात. शक्य असेल तर झोहरच्या सुमाराला थांबाच. माणसांना जेवण आणि नमाज, गाडीला सावली. प्रत्येक थांब्यावर उतरल्यावर एक छोटं काम करा. चारही टायरजवळ हाताचा तळवा न्या. तीन कोमट आणि एक जास्त गरम लागला, तर त्या टायरमध्ये हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय. तिथेच तपासा. मधल्या लोखंडी भागाला हात लावू नका, तो भाजतो.

गाडी जितक्या माणसांची तितकीच माणसं बसवा. मागच्या सीटवरही बेल्ट लावा. रात्रीचा वलीमा उरकून "आता निघालो तर सहाला घरी" असा हिशेब करू नका, झोपेच्या डुलकीपुढे नवे टायरही काही करू शकत नाहीत. विमा आणि पीयूसीची तारीख बघून घ्या. बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांना पीयूसी बारा महिने चालते, त्याआधीच्या जुन्या गाड्यांना सहाच महिने. कागदं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात.

या सगळ्याला किती खर्च? हवा फुकट, शिक्का वाचायला फुकट, बोनट उघडायला फुकट. एक लिटर कूलंट आणि एक फिल्टर लग्नाच्या एका जोडीच्या इस्त्री-शिलाईतही बसतो. टायर महाग आहेत, हे खरं. पण चारही एकदम घेणं जमत नसेल तर निदान दोन चांगले घ्या आणि ते मागे बसवा, कारण मागचा टायर गेला की गाडी सावरणं जास्त अवघड. तेही जमत नसेल तर त्या लग्नाला एसटीने जा. अणदूरला महामार्गावर गाड्या थांबतात, आणि उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याचं ताट कुणी उचलून ठेवत नाही.